गॉगलची दुसरी ट्रॉफी

मंगल,

घाटावर तुझ्याबद्दल कोण काय बोललं ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

दहाव्याला गर्दी खूप होती. महाळुंग्याचं निम्मं गाव, आपली अख्खी पहिली शिफ्ट, कँटीनची माणसं, गेटवरचा सिक्युरिटीसुद्धा. आमच्या लातूरकडं दहाव्याला भाषणं होत नाहीत. इथं होतात, आणि प्रवचन संपलं की माईक कुणाकुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. सरपंच बोलले, पतसंस्थेचे चेअरमन बोलले, आणि मग तुझा सुपरवायझर उठला. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. तुझ्यावरच्या लिखाणात त्याला नावानिशी जागा द्यायची माझी इच्छा नाही. आपण त्याच्या पाठीमागं त्याला गॉगल म्हणायचो, शॉपच्या आत ट्यूबलाइटखालीही डोक्यावर गॉगल चढवून फिरायचा म्हणून. तेच नाव पुरे.

गॉगल म्हणाला, "मंगलताई म्हणजे कामाला देव मानणारी बाई. गेल्या फॅमिली डेला व्हिडिओ गेमच्या फायनलला पोहोचल्या होत्या. पण लाइनवर माणूस कमी आहे असं कळलं, तसा हातातला रिमोट खाली ठेवला आणि स्वतःहून लाइनवर गेल्या. खेळ सोडला, काम नाही सोडलं." एवढं बोलून त्यानं गॉगल काढला, डोळे पुसले, गॉगल परत चढवला. बायका हुंदके देत होत्या. तुझ्या सासूबाई, हौसाबाई, खाली मान घालून बसल्या होत्या.

स्वतःहून, म्हणे.

नंतर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसले होते, पण एकही खाली उतरेना. तुझ्या नवऱ्यानं हात जोडले, "थोरल्याचं लग्न थाटात लावू." काही नाही. तुझी नणंद म्हणाली, "आईला मी बघीन गं." काही नाही. तुझ्या भावानं जागरण-गोंधळाचं कबूल केलं. तरी नाही. मी मागं चपलांपाशी उभी होते. मी हळूच म्हणाले, "मंगल, रिमॅच होणार." कावळा आला. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. त्याला भूक लागली असेल. पण शब्द माझ्या तोंडून गेला होता, आणि दिलेला शब्द मी यादीत घालते.

आपली दोस्ती जमायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी स्टोअरची, तू वायर हार्नेसच्या, म्हणजे गाड्यांच्या वायरी जुळवायच्या लाइनची. तू खिडकीशी हातमोजे मागायला आलीस, तेव्हा मी म्हणाले, "आधी जुने जमा करा." तू म्हणालीस, "जुने घालूनच आलेय बाई, हातासकट जमा करू का?" दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तू माझ्यासमोर डबा उघडलास, आणि मी आठवड्याच्या भाज्यांची यादी करून ठेवते हे कळल्यावर माझं नाव यादीबाई पडलं. शेवटपर्यंत तू मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाहीस.

तू गेम खेळतेस हे कळलं तेव्हा मी हसले होते. मी पिंपळे गुरवला राहायला आले तेव्हा चौकातल्या गेम पार्लरला मळका पडदा असायचा. त्या पडद्याआड पोरगा सापडला की बाप त्याला कान धरून घरी न्यायचा. वाया गेलेल्या पोरांची ती जागा. आज आमच्या सोसायटीत गणपतीला संगीत खुर्ची बंद होऊन गेमची स्पर्धा सुरू झालीय, आणि तेच बाप पुढच्या रांगेत बसून मोबाइलवर शूटिंग करतात. कंपनीच्या बसमध्ये चढले की ड्रायव्हर सोडून सगळ्यांच्या माना खाली. तुमच्या गावच्या जत्रेत तर कुस्तीच्या आखाड्याला लागूनच गेमचा मंडप पडला, आणि पंच कमिटीनं त्यालाही नारळ फोडला. हे सगळं कधी झालं ते मला कळलं नाही. तुला कळलं होतं. थोरला बंगळूरला नोकरीला गेला, त्याचं गेमचं मशीन टीव्हीखाली पडून राहिलं, आणि तू ते फडक्यानं पुसता पुसता एकदा चालू केलंस.

"वेळ जातो नुसता," मी म्हणाले होते.

"यादीबाई," तू म्हणालीस, "काम झालं की तू टिकमार्क करतेस ना, तेव्हा तुला आत जे वाटतं ना, तेच मला समोरच्याला आपटल्यावर वाटतं."

मी विषय बदलून तुझ्या डब्यातली भाजी वाढून घेतली.

तुझा गेम हाणामारीचा. दोघं समोरासमोर, प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी, मध्ये उलटं चालणारं घड्याळ. वेळ संपेपर्यंत ज्याची पट्टी जास्त उरली तो जिंकला. सगळे तलवारवाला नाहीतर आग ओकणारा घ्यायचे. तू घ्यायचीस पोट सुटलेला म्हातारा पहिलवान, ज्याला कुणी हात लावत नसे. त्याचं नाव तू आप्पा ठेवलंस. आप्पा धावत नाही, उडी मारत नाही. तो कोपऱ्यात उभा राहून मार खातो आणि समोरचा अंगावर आला की त्याला खांद्यावरून आपटतो. त्या डावाला धोबीपछाड हे नाव हौसाबाईंनी दिलं. त्यांचे वडील पहिलवान होते, पण "बायांनी आखाड्याकडं बघायची बी सोय नव्हती" असं त्या सांगायच्या. तुझं बघून बघून त्या दुसरा रिमोट घ्यायला लागल्या. जेवणं झाली की सासू-सून टीव्हीसमोर, आणि तुझा नवरा बातम्यांसाठी ओसरीवर मोबाइल घेऊन. तू सांगायचीस, "दिवसभर त्या मला बोलतात, संध्याकाळी मी त्यांना आपटते. घरात भांडण उरतच नाही."

आता गेल्या वर्षीचं. तुला माहीतच आहे, पण मला ते एकदा लिहून काढायचंय.

फॅमिली डेला कंपनीनं पहिल्यांदा गेमची स्पर्धा ठेवली. एचआरला वाटलं होतं, पोरं खेळतील आणि मोठी माणसं बघतील. तू नाव दिलंस तेव्हा गॉगल म्हणाला, "मंगलताई, रांगोळी तिकडं आहे." तू म्हणालीस, "सर, रांगोळीत कुणाला आपटता येत नाही." मग आप्पाला घेऊन तू मेंटेनन्सची दोन पोरं स्पर्धेबाहेर काढलीस, क्वालिटीचा इंजिनिअर काढलास, आणि फायनलला समोर आला गॉगल. फायनल जेवणानंतर होती. तुझ्या घरचं कुणी त्या दिवशी आलं नव्हतं, आणि मी जेवणाच्या कूपनांवर होते. तू ताट घेऊन बसलीस तोवर तो आला आणि म्हणाला, "दुसऱ्या शिफ्टला लाइनवर एक माणूस कमी आहे, जा." तू म्हणालीस, "सर, फायनल?" तो म्हणाला, "आधी काम." तू अर्धं ताट ठेवून गेलीस. तू तिकडं कनेक्टरमध्ये वायरी बसवत होतीस, तेव्हा इकडं तुझं नाव तीनदा पुकारून त्याला वॉकओव्हर दिला. ट्रॉफी त्याच्या केबिनमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी त्या शिफ्टच्या शारदानं मला सांगितलं की लाइनवर माणूस कमी नव्हताच. सगळ्या जणी हजर होत्या. तुला नुसतं कडेला उभं केलं होतं.

त्यावरून आपलं भांडण झालं, आणि ते संपलंच नाही. मी एचआरला द्यायचा अर्ज तयार केला होता. मुद्देसूद, शारदाच्या सहीसाठी जागा सोडून. तू तो वाचलास आणि घडी घालून माझ्या डब्याखाली ठेवलास.

"कागदानं ट्रॉफी आली तर ती कागदाची झाली, यादीबाई. मला त्याला आपटायचंय. सगळ्यांसमोर."

"गेममध्ये आपटून माणसं सुधारत नाहीत. माणसं कागदावरच हरतात."

"मग तू कागद सांभाळ, मी आप्पाला सांभाळते. पुढच्या वर्षी बघू."

मी किती चिडले होते. आठवडाभर दुसऱ्या टेबलावर जेवले. तू रोज लांबून ओरडायचीस, "यादीबाई, रुसवा यादीत घातला का?" वर्षभर तू रिमॅचची तयारी केलीस. तळहाताला रिमोटच्या कडेचा वळ उठलेला मी पाहिलाय. आणि फॅमिली डे महिन्यावर आला असताना चार दिवसांच्या डेंग्यूत तू गेलीस. हॉस्पिटलमध्ये शेवटचं काय बोललीस, तर, "बरी झाले की त्याला बघतेच." खरं सांगू, मला तुझा राग आला. अजून आहे. तुझ्या बाजूनं लढायला मी सगळ्यात नालायक माणूस होते आणि तू मलाच मागं ठेवून गेलीस.

तेराव्यानंतर मी हौसाबाईंना भेटायला घरी गेले. टीव्हीखालच्या मशीनवर कुणीतरी टॉवेल घातला होता. चहा झाला, आणि त्या एकदम म्हणाल्या, "सुनीताबाई, एक इचारू? माझी सून त्या दिवशी खेळ सोडून आपल्या पायानं गेली व्हय?"

मी विचारलं, तुम्हाला ती काय म्हणाली होती?

"हरले म्हनली. येवडंच. मी म्हनलं, हरली तर हरली. पर घाटावर त्यो बाबा म्हनला, सोडून गेली. येवडं शिकवलं तिला मी, आन आखाडा सोडून गेली? मला ते लई लागलंय बाई. जाताना खोटं बोलून गेली म्हना की."

तेव्हा मला कळलं की त्यानं नुसती ट्रॉफी नेली नव्हती. तुझी जिद्दसुद्धा नेली होती, तीही माईकवरून, हार घालून. तुझ्या घरात तू आता आखाडा सोडून गेलेली बाई म्हणून राहणार होतीस. लाज वाटून तू घरी हरले म्हणालीस, आणि त्या एका शब्दावर त्यानं घाटावर मजला चढवला. मी हौसाबाईंना सगळं सांगितलं. ताटापासून शारदापर्यंत, एकामागून एक.

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग उठून मशीनवरचा टॉवेल काढला.

"तुमचं सुतक, वर्ष पाळायचं असेल..." मी म्हणाले.

"सनाला पाळीन की. याला कशाला?" त्यांनी एक रिमोट माझ्या हातात दिला. "बस. बघू तुझा हात."

माझा तलवारवाला उभ्या उभ्या खाली पडला. पुन्हा पडला. हौसाबाई म्हणाल्या, "तुजा गडी लढतोय का सामान मोजतोय?" तेरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि ते माझ्यावर हसलं, याचा मला अभिमान आहे.

त्यानंतर मी माझं काम केलं. फॅमिली डेच्या कमिटीत मी आहे, कारण याद्या करायला दुसरं कुणी तयार नसतं. या वर्षी गेमचे नियम मी लिहिले. फायनल जेवणाआधी. गेल्या वर्षीचा विजेता थेट फायनलला, म्हणजे तो टाळू शकणार नाही. खेळाडूला स्पर्धेच्या वेळेत ड्यूटीवर बोलवायचं नाही. कुटुंबातलं कुणीही भाग घेऊ शकतं, वयाची अट नाही. गॉगलनं ते वाचून आनंदानं सही केली. त्याचं लक्ष दुसऱ्या मुद्द्यापाशीच थांबलं होतं.

एचआरच्या पोरीनं खेळाडूंच्या यादीतल्या हौसाबाईंच्या नावावर बोट ठेवलं. "मॅडम, मंगलताईंचं नाव आता रोलवर कसं असेल? मग या कुटुंबीय कशा?"

मी म्हणाले, "तिचं फुल अँड फायनल, पगाराचा शेवटचा हिशोब, तुम्ही अजून केलेलं नाही. ते होईपर्यंत ती रोलवर आहे. तुमचाच नियम आहे, काढून दाखवू?" तिला दाखवावं लागलं नाही. बघ, कागद अगदीच वाया जात नाहीत.

त्या दिवशी कँटीनच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. नऊवारीतल्या हौसाबाई पुढच्या खुर्चीत मांडी घालून बसल्या. पहिल्या पोराला वाटलं, आजीला कुणीतरी गमतीनं बसवलंय. तो उठला तेव्हा त्याला तसं वाटत नव्हतं. पॅकिंगच्या एकानं तर हरल्यावर पाया पडून विचारलं, "आजी, चॅनल आहे का तुमचं?" त्या म्हणाल्या, "टीवीला हायेत की समदे च्यानल." हॉल भरत गेला. तुझ्या लाइनच्या सगळ्या जणी उभ्या होत्या.

फायनलला गॉगल आला, रिमोट बोटावर फिरवत. "आजी, हळू मारा हं, मला लागतं."

"बघू की," हौसाबाई म्हणाल्या, आणि आप्पाला निवडलं. हॉलमधला आवाज एकदम खाली आला. आप्पाला सगळे ओळखत होते.

पहिली फेरी त्याची, दुसरी हौसाबाईंची. तिसरीत आप्पा कोपऱ्यात उभा राहिला, मार खात. मग धोबीपछाड, आणि लगेच आणखी एक. गॉगलच्या पट्टीत नखाएवढी ताकद उरली. आप्पाच्या पट्टीत फार नाही, पण त्याच्यापेक्षा जास्त. घड्याळ पळत होतं. पुढचं काही न करता नुसता बचाव केला असता तरी जिंकल्याच असत्या. मी माईक धरून उभी होते. आता, म्हटलं, आता.

आणि हौसाबाईंनी रिमोट खाली ठेवला. उठल्या, पदर खोचला, त्याच्याकडं वळल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सायेब, लाइनवर एक मानूस कमी हाय म्हनत्यात. मी जाते. आदी काम."

चालू लागल्या.

पडद्यावर आप्पा हात खाली सोडून उभा. घड्याळ पळतंय. गॉगलनं रिमोट बाजूला ठेवला असता, तर वेळ संपून तो हरला असता, पण माणसात राहिला असता. कुणी हसलंही नसतं. सगळा हॉल त्याच्या अंगठ्याकडं बघत होता, मंगल. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याला मोह आवरला नाही. त्यानं बटण दाबलं. एकदा नाही, दाबतच राहिला, आप्पा आडवा होईपर्यंत.

कुणी टाळी वाजवली नाही. मग मागून शारदाचा आवाज आला, "वॉकओव्हर!" आणि तिच्या पाठोपाठ लाइनच्या सगळ्या जणी. प्लँट हेड पुढं बसले होते. ते मागं वळले. "काय प्रकार आहे हा?"

शारदा म्हणाली, "सर, गेल्या वर्षी फायनलच्या वेळी मंगलला यांनीच जेवणावरून उठवून लाइनवर धाडलं. माणूस कमी नव्हता, मी होते तिथं. घाटावर म्हणाले, ती आपणहून गेली. आज त्यांनी स्वतःच दाखवलं की कसं जिंकतात ते."

गॉगलनं हात डोक्याकडं नेला. गॉगल डोळ्यांवर ओढून घेतला, हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली.

माईक माझ्याकडं होता. निकाल वाचायचं काम कमिटीचं. मी त्याचं पूर्ण नाव, पद, विभाग, सगळं स्पष्ट वाचलं, आणि म्हणाले, "विजेते, सलग दुसऱ्या वर्षी, समोर कुणी नसताना." ट्रॉफी त्याला घ्यावीच लागली. नियमांवर त्याची सही होती.

हौसाबाईंना मी स्कूटीवरून घरी सोडलं. अर्ध्या वाटेवर मला राहवलं नाही. "जिंकत होतात की! नुसतं थांबला असतात तरी!"

मागून त्या म्हणाल्या, "जिंकून काय व्हनार व्हतं? म्हातारीनं हरवलं म्हनून समदे हसले असते, चार दिसांनी इसरले असते. आता इसरत न्हाईत. त्यो बी न्हाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आन मंगल पळाली नव्हती. त्ये समद्यांनी ऐकलं. मला येवडंच पायजे व्हतं."

मी गाडी चालवत होते, म्हणून रडता आलं नाही. ते काम नंतर केलं.

आपल्या भांडणाचं काय करायचं, ते मला कळत नाही. तू म्हणायचीस खेळात हरवू, मी म्हणायचे कागदावर. तुझ्या सासूबाईंनी त्याला जिंकवून हरवलं. आपल्या दोघींना हे कधी सुचलं नसतं. गुरुवारी सुट्टीला मी आता महाळुंग्याला जाते. हरते. आप्पाला मी हात लावत नाही, तो त्यांचा आणि तुझा. तू मला डब्यासमोर बसायला जागा दिलीस, या गावात माझं कुणी नव्हतं तेव्हा. ते तुला कधी सांगायचं राहून गेलं. असल्या गोष्टी मी यादीत घालत नाही, म्हणून राहतात.

लोक म्हणतात, आता सोड, माणूस गेलं की राग धरू नये. मी धरणार आहे. दोन्ही ट्रॉफ्या त्याच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात आहेत. काढल्या तर कबुली दिल्यासारखं होईल, म्हणून काढताही येत नाहीत. स्टोअरच्या कामानं मी दर सोमवारी तिकडं जाते. दारात उभी राहून नीट, आदरानं विचारते, "सर, ट्रॉफ्यांवर धूळ बसलीय. पुसायला कुणाला पाठवू?" तो मान वर करत नाही.

सोमवारच्या यादीत हे काम सगळ्यात वर आहे, मंगल. त्याच्यापुढं मी टिकमार्क करत नाही.